रकाना चौदावा

ऑफिसातून फुकट मिळालेली कुठलीही वस्तू चावीकाका आधी उलटी करून बघत. डायरी मिळाली की शेवटचं पान, छत्री मिळाली की दांडा, आणि मुदतवाढीचं पत्र मिळालं की त्याची मागची कोरी बाजू. त्यामुळे त्या दिवशी सभागृहाच्या दारातच कोणीतरी त्यांच्या शर्टाला सतरा रंगांचा गोल बिल्ला लावला, तेव्हा त्यांनी तो काढून आधी मागून पाहिला. मागे टाचणी होती. ती असणारच, असं त्यांना वाटलं.

बिल्ल्याबरोबर एक फोल्डर, एक पेन आणि दोन बिस्किटं होती. समोरच्या भिंतीवर कापडी फलक ताणला होता: 'शाश्वत विकास ध्येयांचे स्थानिकीकरण, एकदिवसीय कार्यशाळा'. त्यातल्या 'शाश्वत' या शब्दाच्या बरोबर खाली चावीकाका बसले होते. पाणीपुरवठा खात्यात ते सव्वीस वर्षं तात्पुरते होते.

काम व्हॉल्व्हमनचं. छातीएवढ्या उंचीची लोखंडी चावी खांद्यावर टाकून पहाटे निघायचं, गल्लोगल्लीचे व्हॉल्व्ह उघडायचे, घड्याळ बघायचं, बंद करायचे. चावी इतकी वर्षं खांद्यावर होती, की त्यांचं खरं नाव आता फक्त मुदतवाढीच्या पत्रात सापडे. कार्यशाळेला खरं म्हणजे खात्याच्या इंजिनिअरनं यायचं होतं. पण इंजिनिअर दुसऱ्या एका कार्यशाळेला गेला होता. 'खात्यातून एक माणूस पाठवा' असा निरोप आला आणि खात्यात त्या वेळी माणूस म्हणावा असा एकच उरला होता.

चावीकाकांना हे सरळ वाटलं नाही. सव्वीस वर्षांत ऑफिसनं त्यांना खुर्चीवर बसवलं नव्हतं. आज बसवलं, वर बिस्किटं दिली. उठवायचंच नसेल, तर माणसाला बसवतात कशाला?

उठवण्याची भीती त्यांना उगाच नव्हती. चावीकाका राहायचे ते पाण्याच्या टाकीखाली. उंच गोल टाकी, तिचे आठ खांब आणि चार खांबांच्या मधली एक खोली. सगळ्या ऑफिसला हे माहीत होतं. म्हणजे कोणालाच माहीत नव्हतं. कागदोपत्री ती खोली ब्लीचिंग पावडरच्या पोत्यांची होती. फार पूर्वी एका इंजिनिअरनं, नवं लग्न झालेला व्हॉल्व्हमन पाहून, 'राहा सध्या' असं म्हटलं होतं. पुढे तो इंजिनिअर रिटायर झाला, नंतर वारला. त्या 'सध्या'वर चावीकाकांनी संसार मांडला, मुलगी वाढवली, दाराला तीनदा निळा रंग दिला. पोती मात्र कागदावर अजून तिथंच होती आणि दर वर्षी त्यांची तपासणी होऊन 'योग्य स्थितीत' असा शेरा पडत होता.

व्यासपीठावर प्रशिक्षक सांगत होता, "ध्येयं सगळ्या जगाची आहेत, पण वॉर्ड तुमचा आहे! प्रत्येक ध्येय तुमच्या गल्लीत कुठं दिसतं ते शोधा. सतरा ध्येयं, सतरा रकाने."

चहा झाला आणि नेहमीप्रमाणे निम्मी माणसं चहातच विरघळली. उरलेल्यांचे गट पाडले. चावीकाकांच्या गटात ते स्वतः आणि वॉर्ड ऑफिसचे हेडक्लार्क, एवढेच दोघे होते.

हेडक्लार्कांचं आयुष्यात एकच तत्त्व होतं: रकाना रिकामा जाता कामा नये. रकाना रिकामा गेला की वरून पत्र येतं. पत्राला उत्तर द्यावं लागतं. उत्तर दिलं की त्याच्याबद्दल पुन्हा पत्र येतं. त्यांच्याआधीचे हेडक्लार्क म्हणे एका रिकाम्या रकान्यापायी रिटायर होईपर्यंत उत्तरं देत होते.

"पहिलं, गरिबी," हेडक्लार्कांनी चष्मा कपाळावर चढवला. "आपल्याकडे गरीब कोणी आहे का हो?"

"मला कसं माहीत असणार?"

"तुम्ही काय आहात?"

"मी तात्पुरता आहे."

हेडक्लार्कांनी लिहिलं: गरिबी, तात्पुरती.

मग भुकेच्या रकान्यात कॅन्टीन गेलं, आरोग्याच्या रकान्यात दवाखान्याची नवी पाटी गेली, जमिनीवरील जीवनाच्या रकान्यात बागेतली झाडं आणि ऑफिसच्या पायरीवर झोपणारी दोन कुत्री गेली. मागे ठेवलेल्या चौदाव्या रकान्याशी मात्र गाडी अडली. तिथं छापलं होतं: 'पाण्याखालील जीवन'.

"हे समुद्राबिमुद्राचं असणार," चावीकाका म्हणाले.

"समुद्र आहे आपल्याकडे?"

"नाही."

"नदी?"

"होती."

"'होती' लिहिता येत नाही. रकाना वर्तमानकाळातला आहे." हेडक्लार्कांनी पेन्सिलीनं टेबलावर ठेका धरला. मग ठेका थांबला. ते चावीकाकांकडे बघायला लागले. आधी बिल्ल्याकडे, मग चेहऱ्याकडे. "काय हो, तुम्ही टाकीखाली राहता ना?"

चावीकाकांच्या हातातलं बिस्किट हातातच राहिलं. "कोण म्हणालं?"

"सगळे म्हणतात."

"सगळ्यांचं काय घेऊन बसलात साहेब. सगळे काहीही म्हणतात."

"टाकीत पाणी आहे की नाही?"

"पाणी आहे. ते माझं कामच आहे."

"पाणी वर. तुम्ही खाली. म्हणजे काय झालं?"

हेडक्लार्कांनी, अवघड गणित सुटलेल्या मुलासारखा चेहरा करून, चौदाव्या रकान्यात सुंदर अक्षरात लिहिलं: 'पाण्याखालील जीवन – एक कुटुंब'.

*

"असं कोणी लिहील का?" घरी आल्यावर चावीकाका बायकोला म्हणाले. "एवढं मूर्ख कोणी असतं का? यात काहीतरी आहे."

"तुम्ही सव्वीस वर्षं त्या ऑफिसात काढलीत," काकू भांडी पुसत म्हणाल्या, "आणि अजून असं विचारता?"

"अगं, मूर्खपणा दाखवायचा आणि आतून काम साधायचं. खोली कागदावर आणायची. एकदा कागदावर आली की अतिक्रमण म्हणून काढता येते. जी खोली कागदावरच नाही, ती काढणार कशी? इतकी वर्षं आपण वाचलो ते कशामुळे?"

"पोत्यांमुळे," मुलगी पुस्तकातून मान वर न करता म्हणाली.

"थट्टा कर. पोती आहेत म्हणून आपण आहोत."

खोलीत एक बारीक आवाज चालू होता. टप. मग थोडा दम घेऊन, टप. तो आला की घरातलं कोणीतरी न बोलता रेडिओ मोठा करायचं. ही सवय तीन वर्षांची होती.

टाकी गळत होती. खोलीच्या मागच्या कोपऱ्यात, छताला, म्हणजे टाकीच्याच बुडाला, बोटभर लांब चीर होती. चावीकाकांनी तिच्याखाली पत्र्याची पन्हळ बसवली होती आणि पन्हळीला पाइप जोडून तो मागच्या गटारात सोडला होता. कोपऱ्यावर फुलाफुलांचा पडदा होता. पन्हळीच्या कडेनं जे थोडं निसटायचं, त्याच्यासाठी पडद्यामागे निळी बादली असायची. पहिल्या वर्षी ती दिवसाला एकदा भरायची. आता दुपारपर्यंतच दोनदा भरत होती. आणि पाइपातून किती जात होतं, ते चावीकाकांनी मोजलं नव्हतं. न मोजलेली गोष्ट अजून झालेली नसते, हे त्यांनी ऑफिसकडूनच शिकून घेतलं होतं.

गळती कळवली असती तर टाकी रिकामी करून दुरुस्तीला काढली असती. दुरुस्तीला माणसं आली असती. माणसांनी विचारलं असतं, पोती कुठं आहेत? म्हणून त्यांनी कळवली नव्हती. आणि पाइपलाइनच्या टोकाला, शेवटच्या गल्लीत, जिन्यावर घड्याळ घेऊन बसणाऱ्या रिटायर्ड मास्तरीणबाई जेव्हा विचारायच्या, "का हो, पाणी हल्ली दहा मिनिटं आधीच का जातं?" तेव्हा चावीकाका चावीकडे बघत म्हणायचे, "वरून दाब कमी आहे." यात खोटं काही नव्हतं. दाब वरूनच कमी होता.

*

पुढच्या आठवड्यात बिल्लेवाल्या बाई आल्या. तिशीच्या, खांद्याला पिशवी, हातात क्लिपबोर्ड, आणि कॉलरला तोच सतरा रंगांचा बिल्ला. त्यांनी निळं दार वाजवलं आणि विचारलं, "पाण्याखालील जीवन इथंच का?"

काकूंनी रेडिओ मोठा केला.

"कोणी पाठवलं तुम्हाला?" चावीकाकांनी दार अर्धंच उघडलं.

"चौदाव्या रकान्याची पडताळणी आहे. दहा मिनिटं लागतील. आत येऊ?"

"आत काही नाही."

"म्हणजे बाहेर राहता?"

चावीकाका दारातून बाजूला झाले. बाई आत आल्या, स्टुलावर बसल्या, क्लिपबोर्ड मांडीवर ठेवला. फॉर्म उघडच कुठल्यातरी किनाऱ्यासाठी छापला होता. बाई त्यातलं जसंच्या तसं, चेहरा न हलवता वाचत होत्या.

"एकूण जीव किती?"

"तीन," काकू म्हणाल्या. तेवढ्यात मांजर खिडकीतून आत आलं आणि बाईंच्या पायाशी बसलं.

"चार," बाईंनी लिहिलं. "संख्या वाढते आहे की घटते आहे?"

"मुलीचं लग्न झालं की घटेल," काकू म्हणाल्या.

"आई!" मुलगी ओरडली.

"स्थिर," बाईंनी लिहिलं. "जाळी वापरता?"

"खिडकीला आहे. डासांची."

"इथं किती वर्षं?"

चावीकाकांनी बायकोकडे बघितलं. बायकोनं छताकडे बघितलं. हा तो प्रश्न होता. बाकीचे सगळे प्रश्न याच्यासाठी आणलेल्या फौजेसारखे होते, असं चावीकाकांना स्पष्ट दिसलं.

"सध्या राहतो," ते म्हणाले.

"कधीपासून सध्या?"

"सव्वीस वर्षं झाली."

बाईंनी लिहिलं. मग रेडिओवरचं गाणं संपलं, निवेदक श्वास घ्यायला थांबला आणि त्या एवढ्याशा फटीत पडद्यामागून आवाज आला. टप.

बाईंनी मान वर केली. पडद्याकडे पाहिलं. पडद्यावरची फुलं हलली नाहीत. काकू खोकल्या. मग बाईंनी पेन उचललं आणि लिहायला लागल्या. एक ओळ, दुसरी, तिसरी. पान उलटून मागच्या बाजूलाही लिहिलं. 'सव्वीस वर्षं' लिहायला त्यांना एक क्षण लागला होता. हे मात्र संपेना.

"काय लिहिताय?" चावीकाकांनी विचारलं.

"माहिती," बाई म्हणाल्या. पेनाला टोपण लावलं आणि उठल्या. दारात थांबून म्हणाल्या, "गुरुवारी वरचे साहेब स्वतः येणार आहेत. सगळ्या वॉर्डांत चौदावा रकाना फक्त तुमचाच भरलेला आहे. बाकी सगळ्यांनी 'लागू नाही' लिहिलं. साहेबांना उत्सुकता आहे."

*

गुरुवारला पाच दिवस होते. त्या पाच दिवसांत चावीकाकांनी फोल्डर वाचायला घेतलं.

असं फोल्डर कोणी वाचत नाही. ते कपाटावर ठेवायचं असतं, दोन वर्षांनी त्यात विजेची बिलं ठेवायची असतात. पण चावीकाकांना खात्री होती की फास त्यातच कुठंतरी विणलेला असणार, आणि तो शोधायचा तर सगळं वाचावं लागणार. रोज व्हॉल्व्ह बंद करून आले की ते खिडकीशी बसायचे आणि चष्मा लावून, बोट ओळीवर फिरवत, शत्रूचं पत्र वाचावं तसं वाचायचे. फासाची पहिली टोकं त्यांनी पेन्सिलीनं खुणावली. मग खुणा वाढत गेल्या आणि त्यातला फास कमी कमी होत गेला.

सहाव्या ध्येयाशी ते बराच वेळ थांबले. तिथं लिहिलं होतं की पाणी सगळ्यांना, सारखं आणि पुरेसं मिळालं पाहिजे, आणि वाटेत वाया जाणारं पाणी हे आधी टोकाच्या घरांच्या वाट्याचं जातं. 'टोकाच्या घरांच्या' या शब्दांवर त्यांचं बोट अडलं. कुठल्यातरी मोठ्या शहरात, मोठ्या टेबलाभोवती बसून हे लिहिणाऱ्या माणसानं शेवटची गल्ली पाहिलेली नव्हती. मास्तरीणबाई पाहिल्या नव्हत्या. मग त्याला कसं कळलं?

"त्यांना कोणी सांगितलं असेल?" त्यांनी बायकोला विचारलं.

"काय?"

"टोकाच्या घरांचं."

काकू उठल्या. पडद्यामागे गेल्या आणि भरलेली बादली घेऊन बाहेर आल्या. दिवसातली तिसरी.

त्या दुपारी चावीकाकांनी पाइपाचं टोक गटारातून काढून बादलीत सोडलं आणि घड्याळ लावलं. बादली दहा मिनिटांत भरली. त्यांनी पुन्हा लावली. पुन्हा दहाच मिनिटं. दिवसाचा हिशेब त्यांनी फोल्डरच्या मागच्या पानावर केला, आणि मग शेवटच्या गल्लीत किती घरं आहेत ते आठवून, आकड्याला तेवढ्यानं भागलं. भागाकार नीट आला. तो नीट आल्याचंच त्यांना वाईट वाटलं.

"त्या बाईंनी आवाज ऐकलाय," ते म्हणाले. "पान उलटून लिहिलं. फॉर्म उद्या-परवा साहेबांच्या टेबलावर असेल. साहेब येणार आणि आधी पडदाच बाजूला करणार. आपण लपवलं असं दिसणार."

"लपवलंच आहे," मुलगी म्हणाली.

"तेच म्हणतोय मी."

बुधवारी ते ऑफिसात गेले आणि हेडक्लार्कांना म्हणाले, "त्या बाईंनी भरलेला फॉर्म जरा बघायचा होता."

हेडक्लार्कांनी ड्रॉवर हळूच बंद केला. "कशाला?"

"माझीच माहिती आहे ना."

"तुमची माहिती तुम्हाला आहेच. परत कशाला बघायची?" आणि मग आवाज खाली आणून, "हे बघा चावीकाका, उद्या जास्त बोलू नका. साहेबांनी विचारलं तर पाण्याखाली बरं चाललंय म्हणा. पाणी भरपूर आहे म्हणा. एवढं करा. माझा एकही रकाना आजवर रिकामा गेलेला नाही."

चावीकाकांचा संशय आता पक्का झाला. हेडक्लार्क काळजी घेत होते. हेडक्लार्कांना त्यांनी आजवर कुणाचीही काळजी घेताना पाहिलं नव्हतं.

*

गुरुवारी वरचे साहेब आले. उंच, शांत, बूट पुसलेले. बरोबर हेडक्लार्क आणि बिल्लेवाल्या बाई. साहेब बाहेर उभं राहून आधी टाकीकडे बघत राहिले, मग निळ्या दाराकडे, मग चावीकाकांकडे. हसले नाहीत. न हसणाऱ्या साहेबांचा अंदाज चावीकाकांना कधीच येत नसे. असे साहेब एक तर फार हुशार असतात, नाहीतर अजिबात नसतात, आणि दोन्ही प्रकारच्या साहेबांपासून सारखंच जपून राहावं लागतं.

आत येऊन साहेब स्टुलावर बसले. बाईंनी फॉर्म पुढे केला. काकूंनी चहा ठेवला. रेडिओ चालू होता. मांजर साहेबांच्या बुटांचा वास घेत होतं.

"हा चौथा जीव?" साहेबांनी विचारलं.

"हो साहेब," हेडक्लार्क म्हणाले. "स्थिर आहे."

साहेब वाचत होते. पान उलटलं. मागची बाजू वाचली. ती वाचायला त्यांनी बराच वेळ घेतला. वाचता वाचता एकदा मान वर करून खोली न्याहाळली आणि पडद्यावर त्यांची नजर क्षणभर थांबली. निदान चावीकाकांना तसं वाटलं.

"इथं शेवटी एक प्रश्न आहे," साहेब म्हणाले. "अधिवासाला धोका. याबद्दल तुम्हाला काही सांगायचंय?"

साहेबांना सगळं माहीत होतं. फक्त आपल्या तोंडून काढून घ्यायचं होतं. चावीकाकांनी हे क्षणात ओळखलं. आता गप्प राहिलो तर चोर, बोललो तर निदान आपण होऊन बोललेला माणूस. ते उठले, रेडिओ बंद केला.

टप.

"चावीकाका," हेडक्लार्क घाईनं म्हणाले, "चहा गार होतोय."

चावीकाकांनी पडदा बाजूला केला. पन्हळ दिसली, पाइप दिसला, निळी बादली दिसली.

"टाकी गळते," ते म्हणाले. "तीन वर्षं. मी कळवली नाही. दहा मिनिटांना एक बादली जाते. शेवटच्या गल्लीत पाणी लवकर जातं ते त्याच्यामुळे. दाब वगैरे काही नाही."

काकूंनी पदर तोंडाला लावला. मग हेडक्लार्कांना वाचा फुटली. "गळती कसली साहेब! टाकीला घाम येतो. सिमेंटला येतोच. गार पाणी, बाहेर ऊन..."

"दहा मिनिटांना बादलीभर घाम?" साहेबांनी विचारलं.

"मोठी टाकी आहे."

साहेब उठून कोपऱ्यात गेले. चिरेकडे बघितलं, मग बादलीत. एक थेंब त्यांच्या चष्म्यावर पडला. तो त्यांनी रुमालानं पुसला. "टाकी रिकामी करावी लागेल. तीन महिने तरी."

"रिकामी कशी करायची!" हेडक्लार्कांचा आवाज चढला. "टाकी रिकामी झाली की वर पाणी नाही. वर पाणी नाही म्हणजे हे लोक पाण्याखाली नाहीत. म्हणजे चौदावा रकाना..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. त्यांना ते आपल्या तोंडानं म्हणवेना.

साहेब त्यांच्याकडे शांतपणे बघत होते. "रकाना रिकामा राहणार नाही. तात्पुरतं स्थलांतर म्हणून नोंद करा. दुरुस्तीनंतर जीव मूळ अधिवासात परत आणून सोडायचे आणि तसा अहवाल पाठवायचा. नाही पाठवला तर घट दिसेल. घट का झाली म्हणून मी पत्र पाठवेन."

'पत्र' हा शब्द ऐकून हेडक्लार्क भिंतीला टेकले.

चावीकाकांना हे फार सोपं वाटलं. सोपं वाटलं की ते थांबत. "मूळ अधिवास म्हणजे?"

"म्हणजे ही खोली."

"आम्हाला परत याच खोलीत?"

"याच."

"लिहून द्या."

"बाबा!" मुलगी पुटपुटली. साहेबांनी मात्र खिशातून पेन काढलं, फॉर्मच्या तळाशी लिहिलं, सही केली, तारीख घातली. बाईंनी पिशवीतून शिक्का काढून मारला. एक प्रत फाडून चावीकाकांच्या हातात दिली.

चावीकाकांनी ती आधी उलटी करून बघितली.

*

ती त्यांनी अंगणात, म्हणजे पाचव्या आणि सहाव्या खांबाच्या मधे, उभ्यानं वाचली. तळाशी साहेबांचं अक्षर होतं: 'सदर कुटुंबाचा अधिवास येथेच सव्वीस वर्षांपासून असून दुरुस्तीनंतर तो येथेच कायम ठेवावा.' खाली गोल शिक्का. अधिवासाचा दाखला मिळवण्यासाठी ते आजवर चार खिडक्यांवर उभे राहिले होते, आणि चारही खिडक्यांनी त्यांना राहत्या जागेचा पुरावा मागून परत पाठवलं होतं. तोच शब्द आता माशांच्या फॉर्मवर, माशांसाठी छापलेल्या ओळीत, त्यांच्या कुटुंबापुढे उभा होता. 'तात्पुरता' हा शब्द कुठंच नव्हता. 'कायम' होता.

मग त्यांनी वरचा भाग वाचला. जीव: चार. संख्या: स्थिर. धोका: आढळला नाही.

त्यांनी ते दोनदा वाचलं. मग स्कूटर सुरू करणाऱ्या बाईंना गाठलं. "बाई! हे काय? धोका आढळला नाही?"

"हो. का?"

"तुम्ही आवाज ऐकला होता."

"ऐकला होता."

"मग लिहिलं का नाही?"

"मला जीव मोजायला पाठवलं होतं. पाणी सहाव्यात येतं. सहावा रकाना दुसऱ्या बाईंकडे आहे."

"मग ते पान उलटून एवढं काय लिहीत होतात? मला अक्षर लागलं नाही."

"पत्ता," बाई म्हणाल्या. "तुमच्या घराला पत्ताच नाही. म्हणून वर्णन लिहावं लागलं. टाकीच्या चार खांबांच्या मधे, निळ्या दाराची, डासांची जाळी असलेल्या खिडकीची. वाचा ना, मागे आहे."

मागे होतंच, आता अक्षर लागलं. दारासमोरच्या तुळतुळीत झालेल्या पायरीपर्यंत सगळं होतं. सव्वीस वर्षांत त्या खोलीबद्दल कोणी इतकं नीट लिहिलं नव्हतं. पोत्यांबद्दलही नाही.

"म्हणजे मी बोललो नसतो," चावीकाका सावकाश म्हणाले, "तर कोणाला कळलंच नसतं?"

"सहाव्या बाई येईपर्यंत तरी नाही. त्या रजेवर आहेत." बाईंनी स्कूटरला किक मारली. मग जरा घुटमळल्या. "बरं झालं बोललात. मला वाटलं होतं तुम्ही नाही बोलणार. आणि तेवढी प्रत जपून ठेवा. मी अकरा महिन्यांच्या करारावर आहे. पुढच्या वर्षी विचारायला मी नसेन."

चावीकाका त्या गेल्या तरी तिथंच उभे होते. ज्याच्यामुळे ते पहिल्यांदा खरं बोलले, तो संशय खोटा निघाला होता. याचा राग कोणावर काढायचा, हे त्यांना ठरवता येईना.

*

दुरुस्ती तीन महिन्यांची होती ती पाच महिने चालली. तेवढे दिवस कुटुंबाला ऑफिसच्या सभागृहात ठेवलं होतं, त्याच कापडी फलकाखाली. हेडक्लार्क रोज सकाळी येऊन जीव मोजून जायचे. मांजर तिसऱ्याच दिवशी टाकीकडे पळालं, तेव्हा ते स्वतः बिस्किट दाखवत त्याला घेऊन आले. घट त्यांना परवडणारी नव्हती. चावीकाका जाताना निळं दार बिजागरांसकट काढून सभागृहात घेऊन आले होते. "खोली परत देतील," ते म्हणाले, "पण दार देतील असं कुठं लिहिलंय?"

टाकी पुन्हा भरली त्या सकाळी त्यांनी शेवटच्या गल्लीचा व्हॉल्व्ह उघडला. मास्तरीणबाई घड्याळ घेऊन जिन्यावर होत्या. पाणी गेलं तेव्हा त्यांनी घड्याळाकडे, मग चावीकाकांकडे पाहिलं. "आज बारा मिनिटं जास्त. दाब वाढला वाटतं?"

"दाब तेवढाच होता," चावीकाका म्हणाले. "टाकी गळत होती. मला माहीत होतं."

मास्तरीणबाईंनी त्यांच्याकडे, गृहपाठ न केलेल्या मुलाकडे बघावं तसं बघितलं. "तीन वर्षं मी इथं बसून मिनिटं मोजली," त्या म्हणाल्या, आणि कळशी घेऊन आत गेल्या. दार लावलं. दुसऱ्या दिवशी घड्याळ घेऊन पुन्हा जिन्यावर होत्या. त्यांचाही विश्वास बसायला वेळ लागणार होता.

घरी आल्यावर चावीकाकांनी दार बसवलं, रेडिओ लावला, बंद केला. खोली शांत होती. छत कोरडं होतं, त्याच्यावर नवं सिमेंट दिसत होतं. साहेबांच्या सहीची प्रत काकूंनी काचेत घालून भिंतीवर लावली होती. फोल्डर कपाटावर न जाता खिडकीत आलं होतं, कारण त्यातले अजून अकरा रकाने चावीकाकांनी नीट वाचायचे ठेवले होते.

मग त्यांनी निळी बादली काढून पुन्हा त्याच कोपऱ्यात, तिच्या जुन्या डागावर बरोबर ठेवली.

"आता कशाला ती?" काकू म्हणाल्या. "बुजवलंय ना?"

"असू दे."

"साहेबांची सही आहे, शिक्का आहे, कायम लिहिलंय. अजून काय पाहिजे?"

"बघू," चावीकाका म्हणाले. "सध्या असू दे."

बादली कोरडीच राहिली. आठवडाभरात चौथ्या जिवानं तिचा ताबा घेतला आणि तो तिच्यात झोपायला लागला, तोही कुठल्याही कागदाशिवाय.